मागोवा कक्षाचा पाचवा रकाना

घरी आलेला पाहुणा आधी पाणी मागतो, मग पंखा लावायला सांगतो आणि मग विचारतो, “काय, मुलगी काय करते हल्ली?”

वाचकहो, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी विचारला आहे. मिळालेलं उत्तर मात्र आपल्यापैकी कुणालाही आठवत नाही, कारण ते येईपर्यंत आपण बिस्किटांकडे वळलेलो असतो.

सरकारचंही तसंच झालं. शाळा सोडून गेलेली मुलं पुढे शिकतात की कामाला लागतात की नुसतीच कुठेतरी असतात, हे आपल्याला माहीतच नाही, असं एके दिवशी सरकारच्या लक्षात आलं. सरकारला फार वाईट वाटलं. वाईट वाटल्यावर सरकार जे करतं तेच त्याने केलं. एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली : मागोवा कक्ष.

ही खोली पूर्वी फोटो स्टुडिओ होती. समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक धबधबा रंगवलेला होता. तो पुसावा असा प्रस्ताव वर गेला होता आणि वरच राहिला होता. त्यामुळे कक्षाचे साहेब बरोबर धबधब्याखाली बसत. आठ वर्षं तिथे बसूनही ते कोरडेच होते.

त्यांच्यासमोर सहा टेबलं, सहा संगणक, सहा हेडफोन. पाच चालत. सहाव्यातून फक्त ऐकू येई, बोलता येत नसे. तो साहेबांनी स्वतःकडे ठेवला होता.

काम सोपं होतं. यंत्र यादीतला नंबर आपणहून लावायचं. पलीकडच्याला विचारायचं, आपला मुलगा किंवा मुलगी काय करते? आणि चारपैकी एक रकाना भरायचा. एक, शिकते. दोन, काम करते. तीन, दोन्ही नाही. चार, संपर्क नाही. जगातली सगळी तरुण माणसं या चार रकान्यांत बसतात अशी वरच्या कार्यालयाची श्रद्धा होती.

पण ‘संपर्क नाही’वाले वाढले की वरून पत्र यायचं. पत्र आलं की साहेबांना खुलासा लिहावा लागायचा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. ज्याचा फोन लागत नाही, त्याचं गेल्या वर्षीचं उत्तर पुढे ओढायचं. नंतर यंत्रालाच तसं शिकवलं. वीस सेकंदांत रकाना भरला नाही तर यंत्र स्वतःच जुनं उत्तर टाकी. या पद्धतीने एक मुलगा सलग सात वर्षं अकरावीत शिकत होता. “चिकाटी आहे पोरात,” साहेब म्हणत.

या कक्षात सगळ्यात लहान होती ती धाकटी. घरी दोन बहिणींत धाकटी, कार्यालयात सहा जणांत धाकटी, म्हणून दोन्हीकडे तिला धाकटीच म्हणत. वय वीस. आवाज उत्तम. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की फोनवर बोलताना आवाजातून आपण स्वतः बाहेर पडायचं. ‘नमस्कार, मी मागोवा कक्षातून बोलते आहे’ हे वाक्य असं म्हणायचं की माणूस बोलतोय असा संशयही येऊ नये. धाकटीचा त्यात पहिला नंबर आला होता. बारावीनंतर तिला मिळालेलं हे एकमेव यश.

कारण बारावीनंतर तिचं जे झालं ते थोडक्यात असं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. गणितात दोन गुणांनी नापास. पेपर पुन्हा तपासावा म्हणून अर्ज केला. अर्जाचं उत्तर आलं, ‘प्रक्रियेत आहे’. त्याला आता वीस महिने झाले होते. निकाल लागेपर्यंत दुसऱ्या वर्षात बसता येत नव्हतं, आणि पहिल्यात पुन्हा बसायचं तर आधी निकाल लागायला हवा होता. ती दर महिन्याला परीक्षा विभागाच्या खिडकीशी जायची. खिडकीतला माणूस तिला आता ओळखू लागला होता. तिला पाहिलं की तो लांबूनच मान हलवायचा.

घरी तिने हे सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वीस महिने गेले. रोज सकाळी खांद्याला ड्रॉइंगचं लांब नळकांडं अडकवून ती बाहेर पडायची. नळकांड्यात आता छत्री असायची. बाबा दुकानाच्या दारातून हात हलवायचे आणि शेजारच्या न्हाव्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे, “चालली आमची इंजिनिअर!”

बाबांचं कुलपं दुरुस्तीचं आणि किल्ल्या करून देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरून बोलावं एवढी जागा. गावातली निम्मी घरं त्यांना उघडता आली असती, पण ते स्वतःच्याच घरात पोरीला एक प्रश्न विचारायला वर्षभर घाबरत होते. हे मात्र धाकटीला माहीत नव्हतं. ते पुढे येईल.

तर त्या मंगळवारी, साडेअकराच्या सुमारास, यंत्राने पुढचा नंबर लावला. घंटी वाजायला लागली आणि पडद्यावर माहिती उमटली. नाव, शाळा, शाळा सोडल्याचं वर्ष, गेल्या वर्षीचं उत्तर : शिकते.

नाव तिचंच होतं.

फोन तोडायला हात पुढे केला, पण फोन तोडायचं बटण नव्हतं. तोडायचा हक्क फक्त पलीकडच्याला होता.

“कुलूप-किल्ली, बोला!” बाबा म्हणाले.

धाकटीच्या तोंडून सवयीने वाक्य बाहेर पडलं. “नमस्कार, मी मागोवा कक्षातून बोलते आहे. आपला थोडा वेळ मिळेल का?”

“वेळच वेळ आहे बाई. गिऱ्हाईक कुठाय?”

“आपली मुलगी काय करते?”

पलीकडे कानशीचा खरखर आवाज येत होता, तो थांबला.

“शिकते,” बाबा म्हणाले. “इंजिनिअरिंग. तिसरं वर्ष. हुशार आहे हो!”

“पालक म्हणून आपण किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा.”

“पाच. सहा असेल तर सहा लिहा.”

“सहा नाहीये.”

“मग पाच. थोडी जागा सोडा पुढे.” मग ते जरा थांबले. “तुम्ही किती वर्षांच्या हो, ताई? आवाज फार दमलेला वाटतोय. सकाळपासून बोलताय का? पाणी पीत जा मधूनमधून. आमच्या पोरीचीपण पाण्याच्या नावाने बोंब आहे.”

“धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो,” धाकटी म्हणाली. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

फोन बंद झाला. पडद्यावर चार रकाने उघडझाप करू लागले. एक दाबावा तर खोटं. दोन, तीन, चार दाबावेत तर बाबा खोटे. खाली वीस सेकंद उलटे मोजले जात होते. तिने हात मांडीखाली दाबून धरले. शून्य झालं. यंत्राने गेल्या वर्षीचं उत्तर पुढे ओढलं : शिकते. आणि लगेच पुढचा नंबर लावला.

“काय गं, रडतेस का?” शेजारच्या टेबलावरून मोठ्या बाईंनी विचारलं. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवून घरी बसल्या, तिसऱ्याच दिवशी कंटाळल्या आणि इथे आल्या. वर्गावरची नजर मात्र गेली नव्हती.

“नाही. पंख्याची धूळ.”

“पंखा बंद आहे.”

मग जेवणाच्या सुट्टीत धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. गणित, खिडकी, नळकांडं, छत्री. बाई डबा मिटून ऐकत राहिल्या.

“वीस महिने!” त्या म्हणाल्या. “आणि इतक्या दिवसांत कुणाला पत्ता नाही?”

“कुणी विचारलंच नाही. म्हणजे विचारतात सगळे. पण ‘शिकते’ म्हटलं की झालं.”

“चल,” बाई उठल्या. “निदान एका रकान्यात तरी खरं लिहू. तुझ्याच.”

साहेब धबधब्याखाली बसून पेरू खात होते. सगळं ऐकून त्यांनी पेरू खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. नियमांच्या बाहेर कधी गेलेच नव्हते, एवढंच. त्यामुळे बाहेरची हवा त्यांना सोसायची नाही.

“दुरुस्ती करू की,” ते म्हणाले. “त्यात काय! काय लिहायचं?”

“काम करते,” धाकटी म्हणाली.

“कुठे?”

“इथे, साहेब. तुमच्यासमोर.”

साहेबांनी नियमांची वही काढली. “नव्वद दिवसांपेक्षा कमी कराराची नोकरी काम म्हणून धरू नये. तुझा करार किती दिवसांचा?”

“एकोणनव्वद.”

“अरेरे! एका दिवसाने हुकलं.”

“दर वेळी एकाच दिवसाने हुकतं, साहेब. हा तिसरा करार आहे. मध्ये एक दिवस घरी बसवता.”

“तोही नियमच आहे,” साहेब दुःखाने म्हणाले. “मग ‘शिकते’ राहू दे?”

“निकाल प्रक्रियेत आहे. कॉलेजच्या पटावर नाव नाही.”

“मग ‘दोन्ही नाही’.”

“रोज आठ तास ही पोरगी दीडशे फोन करते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि तुमच्याच कागदावर लिहिणार की ती काही करत नाही? मग हे फोन कोण करतं, धबधबा?”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. जणू विचारूनच घ्यावं.

“चौथा रकाना आहे,” ते चाचरत म्हणाले. “संपर्क नाही.”

“ती तुमच्यासमोर उभी आहे!”

“हो, पण फोनवर नाही ना.”

जी मुलगी सगळ्यांना मोजत होती तिला ठेवायला कुठेच जागा नव्हती. साहेबांनी नियमांची वही पुन्हा चाळली.

मोठ्या बाई खुर्ची ओढून बसल्या. “साहेब, मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली. हजेरी कशासाठी घेतात, सांगा.”

“किती आले ते कळायला.”

“चूक. कोण आलं नाही ते कळायला! नाव पुकारलं आणि ‘हजर’ आलं नाही की मी मान वर करायची. शेजारच्याला विचारायची, काय रे, हा कुठाय? दोन दिवस नाही आला तर संध्याकाळी त्याच्या घरी जायची. कधी आई आजारी असायची, कधी चप्पल तुटलेली असायची, कधी गणित येत नसायचं. प्रत्येक वेळी मला काही करता आलं असं नाही. पुष्कळदा नाहीच आलं. पण पोराला कळायचं, आपण नव्हतो ते कुणाला तरी जाणवलं! आणि तुम्ही? जो ओ देत नाही त्याच्यापुढे कालचं ‘हजर’ लिहिता. साहेब, याला मागोवा म्हणत नाहीत. ही नुसती यादी झाली. यादी वाण्याची पण असते.”

साहेबांनी पेरू खणात ठेवला. मग म्हणाले, “मला पटतंय. पण दुरुस्ती करायची तर नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी लागते. नियम आहे.”

“नोंदवलेला नंबर बाबांचा आहे,” धाकटी म्हणाली.

“मग लावतो.”

“नको, साहेब!”

पण साहेबांनी टेबलावरच्या फोनवरून लावलासुद्धा, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं काम लगेच केलं होतं.

“कुलूप-किल्ली, बोला!”

“मागोवा कक्ष. खात्रीसाठी फोन आहे. आपली मुलगी काय करते?”

“सकाळीच सांगितलं की, शिकते! तिसरं वर्ष. आता चौथं लागायच्या आत अजून एकदा विचारणार का?”

साहेबांनी हात पसरले. पालक म्हणतात शिकते. विषय संपला, असं त्यांचा चेहरा म्हणत होता. धाकटीने धबधब्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी काहीच केलं नाही, नुसती मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हजेरी घेताना पाहायच्या तशी.

“बाबा,” धाकटी म्हणाली. स्वतःच्या आवाजात. “मी बोलतेय.”

पलीकडे काहीतरी लोखंडी खाली पडलं.

“तू? तू तिथे काय करतेस?”

“काम करते, बाबा.”

“नियमाप्रमाणे नाही,” साहेब पुटपुटले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले.

“मी शिकत नाहीये, बाबा. दोन गुणांनी राहिले. वीस महिने झाले. मला सांगता आलं नाही.”

उत्तर यायला इतका वेळ लागला की साहेबांनी तार तपासली.

“माहीत आहे मला,” बाबा म्हणाले. “गेल्या वर्षी तू डबा विसरलीस. द्यायला गेलो तुझ्या कॉलेजात. तिथला माणूस म्हणाला, या नावाची कुणी नाही. मी म्हटलं, नीट बघा. त्याने नीट बघितलं. मग मी फाटकाबाहेर बसून डबा स्वतःच खाल्ला आणि परत आलो. आईला नाही सांगितलं. आईला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं.”

“मग मला का नाही विचारलंत?”

“विचारलं आणि तू सांगितलंस, तर पुढे मी काय करणार होतो? मला किल्ल्या करता येतात. गणितातले दोन गुण मी कुठून कापून आणू?” त्यांचा आवाज बारीक झाला. “रोज दहा ते सहा पोर कुठे असते, या विचाराने मी किती किल्ल्या उलट्या कापल्या, माझं मलाच ठाऊक.”

“पण मग फोनवर ‘शिकते’ का सांगता?” हे साहेबांनी विचारलं. आठ वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कागदावर नसलेला प्रश्न विचारला होता.

“मग काय सांगू?” बाबा म्हणाले. “‘शिकते’ म्हटलं की तुम्ही धन्यवाद म्हणता. खरं सांगितलं तरी धन्यवादच म्हणाल ना? की दोन गुणांचं काही कराल? सगळे विचारतात, साहेब. पाहुणे विचारतात, न्हावी विचारतो, सरकार विचारतं. थांबत कुणी नाही!”

धबधबा तेवढा वाहत होता, बिनआवाजाचा.

“म्हणजे सकाळी,” बाबा अचानक म्हणाले, “त्या ज्या बाई बोलत होत्या, दमलेल्या…”

“मीच होते.”

“आणि मी ओळखलं नाही! बाप म्हणवतो आणि…” ते थांबले. “पाणी प्यायलं का मग?”

“नाही.”

“आधी पी. मी आहे फोनवर.”

मोठ्या बाईंनी आपली बाटली पुढे केली. धाकटी पाणी प्यायली. बाबा ऐकत राहिले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

वाचकहो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण साहेबांचं मन पालटलं, आणि सरकारी माणसाचं मन पालटलं की कामं वाढतात. त्यांनी त्याच दुपारी हुकूम काढला. यापुढे कुणाचंही जुनं उत्तर पुढे ओढायचं नाही! आणि चार रकान्यांनंतर पाचवा प्रश्न विचारायचा : “काय अडलं आहे?”

संगणकात पाचवा रकाना मावला नाही. म्हणून मोठ्या बाईंनी एक साधी वही आणली. महिनाभरात ती भरली. कुणाचा दाखला अडला होता, कुणी आजारी आईपाशी अडला होता. कुणाला गाडी चालवता येत होती पण परवाना काढायला जायच्या दिवशी सुट्टी मिळत नव्हती. एकीने पाचवा प्रश्न ऐकून फोनच ठेवला आणि अर्ध्या तासाने स्वतःहून केला. सात वर्षं अकरावीत असलेला मुलगा सापडला. तो आता दोन मुलांचा बाप होता आणि आपण अजून अकरावीत आहोत हे ऐकून त्याला फार बरं वाटलं. “तसंच राहू द्या की,” तो म्हणाला. “तेवढंच तरुण.”

वहीतल्या बहुतेक गोष्टींचं कक्षाला काहीही करता आलं नाही. कक्षाकडे पाच हेडफोन आणि एक धबधबा होता. वार्षिक अहवालात ‘संपर्क नाही’वाले वाढून निम्म्यावर गेले. वरून पत्र आलं : माहिती अपूर्ण, खुलासा करावा. साहेबांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, “माहिती अपूर्ण नाही, माणसं अपूर्ण राहिली आहेत.” आणि सोबत वहीची नक्कल जोडली. नक्कल परत आली. अशा आकाराचा कागद स्वीकारला जात नाही, असं वर लिहिलं होतं.

धाकटीच्या नावापुढे आजही ‘शिकते’ आहे. तिच्या बाबतीत दुरुस्ती कशी करावी याचा प्रस्ताव प्रक्रियेत आहे.

मग एकोणनव्वदावा दिवस संपला आणि नव्वदाव्या दिवशी ती नियमाप्रमाणे घरी बसली. म्हणजे बाबांच्या दुकानात बसली. नळकांडं कोपऱ्यात उभं होतं, छत्री काढून बाबांनी त्यात लोखंडी सळया ठेवल्या होत्या. शेजारच्या दुकानाच्या दारात न्हावी एका गिऱ्हाईकाची दाढी करत होता. त्याने पंख्याकडे पाहत विचारलं, “काय, मुलगी काय करते हल्ली?”

बाबांनी कानस खाली ठेवली.

“दोन गुणांनी राहिली,” ते म्हणाले. “निकाल अडलाय वीस-एकवीस महिने. पोटापुरतं काम करते, पण तेही धरत नाहीत. तुमच्या ओळखीत त्या कॉलेजात कुणी आहे का?”

न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला. इतकी वर्षं तो हा प्रश्न विचारत आला होता, पण त्याच्यावर असा प्रसंग कधी आला नव्हता. “नाही हो,” तो म्हणाला. मग गिऱ्हाईक तसंच फेसात सोडून तो दुकानात आला, तिसरं माणूस म्हणून अर्धा बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, “पण कुठला अर्ज, सांगा तरी.”

त्याच्याकडून काही होणार नव्हतं. हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी धाकटी त्याला पहिल्यापासून सगळं सांगू लागली, आणि तो बिस्किटाकडे वळला नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणाच्या मुलाबद्दल, मुलीबद्दल हा प्रश्न तोंडावर आला, तर एक करा. विचारा, पण उत्तर ऐकायला थांबा. आणि थांबलात की पुढचाही प्रश्न विचारा : काय अडलं आहे? तुमच्याकडून काही होईलच असं नाही. बहुधा होणारही नाही. पण ज्या पोराच्या नावाला कुणीच ओ दिली नाही, त्याच्यापुढे कालचं ‘हजर’ लिहून आपण पान उलटू नये. आपण मान वर करावी!